मधली रेघ

शेपूटमास्तर हे नाव त्यांना फ्लाइंग क्लबातल्या लोकांनीच दिलं. शेपटाखाली तिसरं चाक असलेली छोटी विमानं सत्तावीस वर्षं तपासणी-दुरुस्तीसाठी त्यांच्या हाताखालून गेलेली. हे विमान जमिनीवर नाक वर करून बसतं आणि धावताना जरा तिरपं झालं, की शेपूट डोक्याच्या पुढे जायला बघतं. वैमानिकाने पायाखालच्या पेडलने ते वेळीच आवरायचं, एवढंच. आणि एवढंच लोकांना जमत नाही, असं मास्तर म्हणत.

त्या सकाळी क्लबाच्या सेक्रेटरींचे जावई एकटेच उडायला निघाले. वारा डावीकडून होता. त्यांनी घाईने शेपूट उचललं, नाक डावीकडे वळलं, उजवा पाय उशिरा आला आणि आला तो दणक्यात. विमान गर्रकन फिरलं, पंखाचं टोक मातीत रुतलं. जावयांना खरचटलंही नाही. शेपटाच्या चाकाची स्प्रिंग मात्र तुटलेली निघाली.

सेक्रेटरींना घबाडच सापडलं. स्प्रिंग आधीच तुटलेली होती असं लिहून द्या, बाकीचं मी सांभाळतो, असं ते लाडीगोडीने म्हणाले. कालच्या तपासणीखाली मास्तरांची सही होती. तसं लिहून देणं म्हणजे आपल्या हाताने लायसन्स फाडणं.

मास्तर धावपट्टीवर गेले. मातीत चाकांच्या तीन रेघा होत्या. मधली सरळ येऊन एका जागी संपली होती आणि शंभरेक पावलांवर पुन्हा उमटली होती, ती आडवी, खरवडलेली.

तोवर सेक्रेटरींनी रोलर मागवला. पट्टी सपाट करायची म्हणे. मास्तरांनी हँगरमधलं स्टूल आणलं आणि रेघ तुटली होती तिथेच ठाण मांडलं. रोलरवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि गिअर अडकलाय असं सांगून टाकलं.

“मास्तर, हे काय रुसून बसायचं वय आहे?” सेक्रेटरी म्हणाले.

“रुसलो नाही. सही राखत बसलोय.”

दुपारी चौकशीचे अधिकारी आले. मास्तर उठले. “साहेब, बाजूच्या रेघा वाकल्यात त्या इथे. आणि इथे मधली रेघच नाही, म्हणजे शेपटाचं चाक हवेत होतं. स्प्रिंग तुटली ती पुढे, शेपूट आडवं आपटलं तिथे. हवेतलं चाक विमान कसं वळवेल?”

अधिकारी सगळी पट्टी चालून आले. जावई खाली बघत म्हणाले, “पाय माझाच चुकला.” सेक्रेटरींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मुलगी आत्ताच परत मागतायत.

महिनाअखेर क्लबाने वयाचं कारण दाखवून मास्तरांना घरी बसवलं. लायसन्स शाबूत होतं. पुढच्या आठवड्यात नदीपलीकडच्या क्लबात त्यांनी पहिलं विमान तपासलं आणि खाली सही केली.