आधी आपलं कपाट

आक्का गेल्याची बातमी मला हुपरीच्या रजियानं फोनवर दिली. पाच-सहा आठवडे झाले त्याला. "अण्णा, आक्का गेल्या," एवढं म्हणून ती थांबली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "रडायचं न्हाय हां. सगळ्यास्नी हरवून गेल्यात त्या." मला असा दम देऊन स्वतः मात्र हमसून हमसून रडली. मी रडलो नाही. मला राग आला. दुःख झालं की मला आधी राग येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चहात साखर कमी पडली म्हणून मी सुनेवर खेकसलो. ती साखरेचा डबा समोर ठेवून गेली.

शालन चौगुले, म्हणजे आमच्या आक्का, कोल्हापुरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल. 'शांतता राखा' ही पाटी बरोबर त्यांच्या डोक्यावर लटकलेली आणि बाईंचा आवाज रंकाळ्यापर्यंत ऐकू जाईल असा. मी पेठ वडगावच्या एका वाचनालयाचा सचिव, पेशानं मास्तर, आता निवृत्त. कोल्हापूर, वडगाव, हुपरी, नेसरी आणि आणखी तीन गावं, अशा सात वाचनालयांची एक साखळी करायची हे खूळ आक्कांचं. एकच कार्ड, सातही वाचनालयं वाचकाची. पुस्तक कुठूनही न्या, कुठंही परत द्या, दर गुरुवारी एक टेम्पो फिरून ज्याचं त्याला पोचवील. पहिल्याच बैठकीत मी उठून म्हणालो होतो, "बाई, शेजारी दिलेला खलबत्ता परत येत नाही, आणि तुम्ही गावोगाव पुस्तकं वाटायला निघालाय!" आक्का म्हणाल्या, "अण्णा, तुमची पुस्तकं कपाटातच म्हातारी व्हायला लागल्यात. जरा गाव तरी बघू द्या त्यास्नी." सगळे हसले. मी साखळीत गेलो ते निव्वळ हसं झालं म्हणून, पटलं म्हणून नव्हे.

साखळी सुरू झाली आणि मला तिचा पहिला लाभ झाला तो असा. दोन भागांच्या एका जाडजूड कादंबरीचा पहिला भाग मी कोल्हापुरातून मागवला. कादंबरीचं नाव मुद्दामच सांगत नाही, नाहीतर लोक तिच्यावरच बोलत बसतील. पहिला भाग संपतो तिथं नायिका घर सोडायला उंबऱ्यात उभी असते. बाहेर पाऊल टाकते की मागं फिरते, ते दुसऱ्या भागात. आणि दुसरा भाग बाहेर गेलेला. संगणकावर दिसायचं : हुपरी, रजिया शिकलगार, मुदत उलटली. एक पत्र गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. उत्तर एकच, 'पुस्तक परत केले आहे.' इकडं महिन्यामागून महिने ती बया माझ्या डोक्यात उंबऱ्यात उभी! जेवताना उभी, अंघोळीला उभी. माझं टाळकं सरकलं.

मुदत उलटलेली पुस्तकं एव्हाना सगळ्याच गावांची वाढली होती. बैठकीत जो तो दुसऱ्या गावाकडं बोट दाखवायचा. मी उठलो आणि टेबलावर थाप मारून मागणी केली की या रजियाचं कार्ड रद्द करा, तिचं नाव सातही वाचनालयांच्या फळ्यावर लावा, आणि पुस्तक मिळेपर्यंत हुपरीला साखळीतून बाहेर काढा. माना डोलल्या. हुपरीचे सचिव खाली बघत बसून राहिले. आक्का म्हणाल्या, "ती बाई म्हणतीया परत केलंय. कुटं केलं, कसं केलं, इचारलं का कुणी?" मी म्हणालो, "प्रत्येक चोर हेच म्हणतो." आक्कांनी समोरची यादी मिटली. मग म्हणाल्या, "पुढच्या बैठकीपत्तूर थांबा. पुस्तक न्हाय घावलं तर हुपरीबरोबर माझंबी नाव काढा. मग तुमची साखळी तुम्हीच चालवा." मी मनात म्हटलं, बरं झालं. आणि वडगावला येऊन थांबायचं सोडून मी रजियाचं नाव आमच्या फळ्यावर लावून टाकलं. ठळक अक्षरात, लाल शाईनं.

पुढचं मला नंतर आक्का आणि रजिया दोघींनीही सांगितलं, आणि दोघींचं सांगणं तंतोतंत जुळतं. आक्का बसनं हुपरीला गेल्या. रजियाच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम. सात-आठ बायका घुंगरं जोडत बसायच्या आणि रजिया त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. वडगावच्या फळ्याची गोष्ट तिथवर पोचली होती. वाचन बंद पडलं होतं, आणि त्यांतल्या दोघींच्या घरच्यांनी 'चोराच्या घरी काम नको' म्हणून त्यांना पाठवणं बंद केलं होतं. रजिया दारातच म्हणाली, "मी चोर हाय न्हवं? मग चोराच्या घरात कशाला आलासा?" आक्का म्हणाल्या, "च्या प्यायला. आन पुस्तक कुणाजवळ दिलंस ते ऐकायला." दिलं होतं दिराजवळ. दीर गावोगावच्या बाजारात पैंजण विकायचा, जाता जाता कुठल्याही वाचनालयात टाकून ये म्हणून तिनं सांगितलं होतं. दिराला बोलावलं. तो म्हणाला, "कंच्या गावात ते ध्यानात न्हाय, चार बाजार करतो मी. पर माणसं लई चांगली. मला नारळ दिला, टाळ्या वाजिवल्या, फोटोबी काढला."

रजियानं कपाळाला हात लावला. "ह्येच सांगतोय आक्का ह्यो पयल्यापास्नं. पुस्तक परत केल्यावर नारळ कोण देतंय वो? लोक हसत्यात. म्हणून मी पत्रात लिव्हलं न्हाय." आक्काही हसल्या, पण वेगळ्या कारणानं. त्या म्हणाल्या, "साऱ्या जिल्ह्यात नारळ देणारा एकच येडा हाय. चला, उठा दोघंबी."

तो येडा म्हणजे मी. खोटं कशाला बोलू! वाचनालयाला कुणी पुस्तक भेट दिलं की त्याचा जागच्या जागी सत्कार करायचा ही माझी पद्धत. टेबलाखाली नारळ तयारच असायचे. शिपाई टाळ्या वाजवायचा, मी फोटो काढायचो. भेटीची पुस्तकं एका काचेच्या कपाटात कुलपात जायची, किल्ली माझ्या करगोट्याला, आणि नोंदी वर्षाअखेरीस एकदम. त्या बाजारच्या दिवशी कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक घेऊन कुणी लाजरा गडी आला, टेबलावर ठेवून हात जोडून उभा राहिला, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत मी त्याच्या हातात नारळ दिला. पुस्तक उघडून बघितलंच नाही. वाचनालयाचा सचिव, आणि पुस्तक उघडायला सवड नाही!

तिघं दारात आली तेव्हा मी पेपर वाचत होतो. दीर मला बघून ओरडलाच, "ह्येच की ते! ह्येनीच नारळ दिलता!"  आक्कांनी नुसता हात पुढं केला. "किल्ली." मी म्हणालो, ते भेटीचं कपाट आहे, त्यात कशाला असेल. "अण्णा, किल्ली." मी दिली. कॅलेंडरचं कव्हर वरच्याच कप्प्यात होतं. आक्कांनी पहिलं पान उलटलं, आणि तिथं त्यांच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का, हा एवढा! ज्या पुस्तकासाठी मी जिल्हा डोक्यावर घेतला होता, ते माझ्या खुर्चीपासून चार हातांवर, माझ्याच कुलपात होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

 रजिया फळ्याजवळ गेली, टाचण्या काढल्या, आपल्या नावाचा कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला. मी चारचौघांत हात जोडले. बाजारचा दिवस, दारात ही गर्दी. म्हणालो, "पोरी, चुकलं माझं." ती जायला वळली, आणि उंबऱ्यावरून मागं बघून म्हणाली, "आता वाचा दुसरा भाग निवांत. जाती ती घर सोडून. परत येत न्हाय." सांगून टाकलं! शेवट सांगून टाकला! आक्का अशा हसल्या, अशा हसल्या की समोरचा कांद्याचा सौदा थांबला. आयुष्यात मला इतकी योग्य शिक्षा कुणी केलेली नाही.

पण आक्का तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हेत. त्यांनी सातही सचिवांना फोन केले की बैठकीला यायच्या आधी प्रत्येकानं आपलं कपाट धुंडाळायचं, स्वतःच्या हातानं, शिपायाला सांगून नव्हे. आणि काय सांगू, पुस्तकं निघायला लागली! नेसरीत सतरंज्यांच्या कपाटात, एका गावात गणपतीच्या मखरामागं, एकीकडं तर अध्यक्षांच्या खुर्चीची उंची वाढवायला चार खंड खाली घातलेले. वाचकांनी सगळी परत दिली होती, आपणच ती कुठंतरी ठेवून विसरलो होतो आणि वर लोकांना पत्रं धाडत होतो. स्वतः आक्कांच्या टेबलामागं तीन निघाली. ते त्यांनी बैठकीत सगळ्यांत आधी सांगितलं, त्या खड्या आवाजात. त्या गुरुवारी टेम्पो असा भरून आला की ड्रायव्हरनं पुढच्या सीटवरही गठ्ठे ठेवले होते. बैठकीत यादी वाचायला सुरुवात झाली. एकेका नावाला सचिव उठून म्हणायचे, "सापडलं." "सापडलं." "आमच्याच कपाटात सापडलं." हुपरीचे सचिव ताठ बसले होते. रजिया पहिल्या रांगेत होती, सोबत तिच्या घरच्या सगळ्या कामकरणी, येणं बंद झालेल्या त्या दोघीही. अडकून पडलेलं कार्ड मोकळं करून तिच्या हातात दिलं तेव्हा त्या बायकांनी ज्या टाळ्या वाजवल्या, तशा टाळ्या मी कुठल्याही सत्काराला ऐकलेल्या नाहीत. मीही वाजवल्या. हात लाल होईपर्यंत.

त्याच बैठकीत आक्कांनी नियम मांडला. मुदत उलटली की आधी आपलं कपाट, मग सातही वाचनालयांची कपाटं, आणि मगच वाचकाचं दार. इथवर सगळ्यांनी हात वर केले. मग त्या म्हणाल्या, "आन सातही कपाटांत न्हाय घावलं, आन वाचक म्हणतोय मी दिलंय, तर त्याचा शबुद खरा मानायचा. सचिवानं सही करायची आन कार्ड मोकळं करायचं." झालं! मी उठलोच. म्हटलं, "एकदा मी चुकलो म्हणून जगातले सगळे वाचक हरिश्चंद्र झाले का? माझा विरोध लिहून घ्या." आक्कांनी लिहिला. वर विचारलं, "मोठ्यानं वाचून दावू?" नियम मंजूर झाला. पण मी हट्टी माणूस. तसल्या कागदावर मी कधी सही केली नाही. वडगावचा असा कागद निघाला की आक्का गुरुवारच्या टेम्पोतून मागवून घ्यायच्या आणि माझ्या नावाच्या जागी स्वतः सही करून पाठवायच्या. आम्ही दोघांनीही त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही.

त्यांच्या आजारपणात मी एकदा घरी भेटून आलो. आवाज बारीक झाला होता, तेच मला बघवेना. त्या म्हणाल्या, "अण्णा, हितनं फुडं वडगावच्या सह्या तुमच्याच." मी म्हणालो, "मी करणार नाही, तुम्ही बऱ्या व्हा आणि करा." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बघू की."... एवढंच. मी बसस्टँडपर्यंत त्यांना मनातल्या मनात शिव्या देत गेलो.

मागच्या आठवड्यात आमच्याकडं दत्तू गवंडी आला. विहिरीच्या बांधकामावरचं एक पुस्तक त्याच्या नावावर, मुदत कधीच उलटलेली. म्हणाला, नेसरीला कामावर होतो, तिथं दिलं. वाचनालयात कामाला असलेली पोरगी तगाद्याचं पत्र लिहायला बसली होती, तिला मी थांबवलं. गुडघे दुखतात, तरी जमिनीवर बसून खालचा एकेक कप्पा मी स्वतः काढला. भेटीचं कपाटही काढलं, त्याला आता कुलूप नाही. मिळालं नाही. नेसरीनं शोधलं, कोल्हापूरनं शोधलं. हुपरीला आता रजियाच सचिव आहे, तिनं दोनदा शोधलं. सातही ठिकाणी नाही.

कागद माझ्यासमोर आला. दत्तू टोपी हातात धरून उभा. हाताला सिमेंट. "अण्णा, दिलंय वो मी," म्हणाला. मी त्याच्याकडं रागानं बघितलं. खरं सांगायचं तर त्याच्याकडं नाही, त्या सहीच्या जागेकडं. तिथं सही करायला आता कोल्हापुरात कुणी नव्हतं. गुरुवारच्या टेम्पोत कागद टाकला असता तर तो कोरा परत आला असता. तेव्हा मला रडू आलं, पाच आठवड्यांनी, दत्तूच्या देखत. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अण्णा, मी दुसरं आणून देतो."

"गप रे," मी म्हणालो. "दिलंयस म्हणतोस न्हवं? मग दिलंयस."

आणि सही केली. खाली कारणाची एक ओळ असते. तिथं लिहिलं, 'वाचकाने सांगितले.' मग रजियाला फोन लावला. तिनं एकच विचारलं, "केली?" मी म्हटलं, "केली." पलीकडून आधी तिचं हसणं ऐकू आलं, आणि मग घुंगरं जोडणाऱ्या सगळ्या बायकांच्या टाळ्या.

पुस्तक अजून सापडलेलं नाही. दत्तू त्याच कार्डावर दुसरं घेऊन गेला.