गरमीचे डाग

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला मी दर महिन्याला जायचो. त्या रांगेत कुणी कुणाचं नाव विचारत नाही. तिथंच तो भेटायचा, अर्धापूरकडचा, केळीच्या गाड्या भरणारा. बोलायला सुरुवात करताना आधी होकाराचं ‘हाव’ म्हणायचा आणि म्हाताऱ्या बायांना हाताला धरून पुढं बसवायचा.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात माझ्या हातांवर जाड खपल्यांचे फोड उठले. खाज नव्हती, पण मलम लावूनही ते वाढत होते. टँकरच्या पाण्यानं झालं असेल, असं बायको म्हणायची. मी बाह्या खाली ओढून बसलो होतो, तरी त्यानं पाहिलं. भर रांगेत त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पोटरीवरचे काळे डाग दाखवले.

“हाव भाऊ, मलाबी असंच झालतं. समदे खरूज म्हणले, पण रक्तात गरमी निघाली. आपल्या आजारात ती अशी येगळीच दिसती. आजच डॉक्टरला रक्त तपासा म्हणा. अन् वहिनीलाबी आणा.”

लोक बघत होते. लाज मला वाटली, त्याला नाही.

मला गरमीच निघाली, डॉक्टरच्या भाषेत सिफिलिस, आणि माझ्यापासून बायकोलाही. दोघांना इंजेक्शनं दिली. हळूहळू खपल्या गळल्या, पण बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

पुढं तो भेटला तेव्हा मी हात दाखवले. त्यानं नुसती मान हलवली आणि विचारलं, “वहिनी बोलतात का?”

“कालपासून बोलून राहिली.”

“हाव, मग बरे झालात,” म्हणून त्यानं माझा हात हातात घेतला, तो माझा नंबर येईपर्यंत सोडला नाही.