ज्वारीच्या दहा जोड्या

एकाहत्तरच्या रब्बीत मी नगर जिल्ह्यातल्या एका शेती संशोधन केंद्रावर एमेस्सीचा प्रबंध करत होतो. विषय ज्वारीची गुणसूत्रं. आमच्या सरांनी गावरान ज्वारीशी एका परदेशी ज्वारीचा संकर केला होता आणि त्यात गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळतात, हे मी दाखवून द्यायचं होतं. जुळतात का, ते बघायचं नव्हतं. प्रबंधाचा शेवटचा परिच्छेद सरांनी पहिल्याच आठवड्यात मला उतरवून दिला होता.

रोज सकाळी मी पोटरीतली, म्हणजे अजून पानाच्या गुंडाळीतून बाहेर न आलेली कणसं कापून आणायचो आणि दिवसभर स्पिरिट-ॲसिडच्या बाटलीत ठेवायचो. मग सुईने फुलातला परागकोश काढायचा, काचेवर लाल रंगाच्या थेंबात चिरडायचा, काच जराशी शेकायची आणि वरून अंगठ्याने दाबायची. ज्वारीत गुणसूत्रं वीस. पराग तयार होताना त्यांच्या दहा जोड्या जुळतात आणि मग प्रत्येक जोडीतलं एक इकडे, एक तिकडे जातं. ही वाटणी चोख झाली तरच दाणा धरतो.

गावरान ज्वारीत दहा जोड्या पहिल्याच दिवशी दिसल्या. संकरात दिसल्या सात. उरलेली सहा गुणसूत्रं एकेकटी. पेशी दुभंगायला लागली तरी मधेच रेंगाळत पडलेली. महिनाभर काचा केल्या, चित्र बदलेना. शेवटी सरांना सांगितलं.

"तुझा अंगठा जड आहे," सर म्हणाले. "जोड्या मोडतोस तू."

"गावरानच्या नाही मोडल्या, सर. अंगठा तोच आहे."

सरांनी चष्मा काढला आणि एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. मी खालचा आरसा अजून उजेडाकडे वळवला नव्हता, त्यामुळे आत काळोख होता. सरांनी तो काळोख मन लावून बघितला.

"दहा," ते म्हणाले.

मग माझी आकृती पुढे ओढून त्यांनी ती स्वतःच्या हाताने खोडली आणि दहा जोड्या काढून दिल्या. सरांचा हात चांगला होता. एकसारख्या, टपोऱ्या, ओळीत उभ्या राहिलेल्या अशा जोड्या मी कुठल्याच पेशीत पाहिल्या नव्हत्या. मी "थँक्यू सर" म्हणालो. प्रबंधावर त्यांची सही लागणार होती.

पुढे शिवारफेरी ठरली. शेतकऱ्यांना संकर दाखवायचा होता. वाफा दिसायला खरंच देखणा: डोक्यावर जाणारी ताटं, रुंद हिरवीगार पानं, हातभर कणसं. सर तासभर बोलले. पाथर्डीकडून आलेल्या मंडळींत एक म्हातारी बाई होती. तिने भाषण चालू असतानाच एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. हात रिकामा झाला.

"सायेब, ह्यात दानं कुठंयत?"

"यंदा पाऊस कमी," सर म्हणाले.

"ह्या वाफ्याला कमी आन् शेजारच्या गावरानला जादा पडला व्हय?"

लोक हसले. सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हे आमचे संशोधक. यांना विचारा."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला उत्तर पाठ होतं. महिनाभर तेच तर बघत होतो. मी म्हणालो, "चिमण्यांनी खाल्ले."

बाईने दुसरं कणीस मोडून माझ्या हातात दिलं. "चिमनी खाती तवा टरफल फुटतं, बाबा. हितं टरफल मिटल्यालं हाय. दाना धरलाच न्हाई. तू शिकल्याला ना?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. सूक्ष्मदर्शक, ॲसिड, लाल रंग काही न वापरता तिने माझा प्रबंध दोन मिनिटांत लिहिला होता, आणि तो खरा होता.

तेव्हाच खरं बोलायला हरकत नव्हती. मी सगळ्यांना चहाला चला म्हणालो.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी आकृतीचं कौतुक केलं आणि जोड्या किती विचारलं. मी दहा सांगितल्या. पहिला वर्ग मिळाला. सर विभागप्रमुख झाले. संकराची नोंद अहवालात 'चाऱ्यासाठी उत्तम' अशी झाली. दाणा येत नाही हा त्याचा गुण ठरला. माझा प्रबंध ग्रंथालयात गेला. ती आकृती बघून कुणी फसलं असेल असं मात्र वाटत नाही. बऱ्याच वर्षांनी मी तो काढून पाहिला, तेव्हा पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.