मोठं मन

आमच्या शांती नगरच्या सोसायटीतले एक काका अमेरिकेच्या राजकारणावर घरचं भांडण असल्यासारखे बोलतात. मागचा अध्यक्ष शत्रुदेशाच्या नेत्याला भेटला तेव्हा म्हणाले, "लिहून घे, देश विकला त्याने." त्यांचा लाडका अध्यक्ष त्याच नेत्याला भेटला, तेव्हा मोबाईल माझ्या नाकाशी धरला. "लिहून घे, शत्रूशी बोलायला मोठं मन लागतं."

समोरच्याच फ्लॅटमधल्या त्यांच्या सख्ख्या भावाने ग्रुपवर एवढंच विचारलं, "दादा, मागच्यानेही हेच केलं होतं ना?"

सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसाद काकाच वाटतात. परवा भावाने हात पुढे केला. तो हात ओलांडून काकांनी माझ्या हातावर शिरा ठेवला.

मी त्यातला अर्धा भावाला देऊ लागलो. तो हळूच म्हणाला, "नको. पुढच्या वेळी तुलाही मिळणार नाही."

मी सगळा शिरा निमूट खाल्ला.