कुंपणापलीकडचे पितर

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या मराठी मंडळींनो, हे वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. मला दुपारपासून आलेलाच आहे.

आज सर्वपित्री अमावास्या, म्हणून मित्राकडे, संदीपकडे जेवायला गेलो होतो. नागपूरहून आलेल्या त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, खीर-वडे केले होते. कावळ्याचं पान त्यांनी मागच्या कुंपणावर ठेवलं. कुंपणापलीकडे एक जुनी दफनभूमी आहे. जंगल तोडून ज्यांनी हे गाव वसवलं, ती माणसं तिथे पुरलेली आहेत.

पान ठेवतायत तोच संदीप म्हणाला, “मंगळवारी आपल्या कॉलनीच्या असोसिएशनचं व्होटिंग आहे. ते थडग्यांचे दगड हलवून तिथे पार्किंग करायचंय. आपण सगळे येस म्हणू यार, स्मशानामुळे घरांच्या रीसेलला मार बसतो.”

“अरे, आज दिवस कोणता आहे?” मी म्हटलं.

“ते काय आपले पितर आहेत?”

ज्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही, त्यांचाच ना रे आजचा दिवस? तिथल्या एका दगडावर तर नावही नाही. ‘आमचं बाळ’ एवढंच इंग्रजीत कोरलंय.

तेवढ्यात कावळा आला, वडा उचलला आणि नेमका त्याच दगडावर बसून खाऊ लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी हात जोडले. “पितर जेवले. चला, आता तुम्ही बसा.”

मी बसलो नाही, सरळ घरी आलो.

मंगळवारी येस म्हणणाऱ्यांनो, एवढंच सांगा. पुढच्या वर्षी पितरांना जेवायला कुठे बसवणार? तुमच्या मिनीव्हॅनच्या टपावर?