चौकीला जाताना

कळंबा जेलात सुतारकाम शिकून सुटलेला तो पारधी आमच्या कोपऱ्यावर छोटं दुकान टाकून खुर्च्या दुरुस्त करायचा. गल्लीत कुठंही चोरी झाली, की पोलीस आधी त्यालाच उचलायचे आणि दरवेळी सोडूनही द्यायचे.

शेवटी त्यानंच रीत बदलली. चोरीची बातमी कानावर आली, की रंधा खाली ठेवायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि जेवणाचा डबा घेऊन स्वतःच चौकीत जाऊन बसायचा.

"काही केलं नाही, तर जाताय कशाला?" एकदा मी चिडून विचारलं.

"वढत न्हेलं तर चोर दिसतोय, पावणं. आपल्या पायानं गेलो तर माणूस दिसतोय की!"

मग दुकानाची किल्ली त्यानं माझ्या हातात ठेवली. "तुमची खुर्ची तयार हाय. कुलूप काढा आन् घेऊन जावा."

खुर्ची घेऊन मी परतलो, तेव्हा गल्लीत दारोदार नवी कुलपं लागत होती.