संगीला दिलेली अर्धी गोळी

"आयलियस आहे. आतड्यांची हालचाल थांबलीय," बारामतीचे डॉक्टर संगीच्या फुगलेल्या पोटावरून स्टेथोस्कोप उचलत म्हणाले. "हिला काय दिलंत?"

"जुलाब थांबायची गोळी. मला एकीत गुण आला होता, म्हणून हिला अर्धीच दिली." अर्धीच दिली, यात मला शहाणपण वाटत होतं. माझी लेक संगी तेव्हा चौदा महिन्यांची होती, आणि डोळेही उघडत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "लहान मूल म्हणजे अर्धा माणूस नव्हे. मोठ्यांसारखं औषध पचवून बाहेर टाकणं त्याच्या शरीराला जमत नाही, ते मेंदूपर्यंतही जास्त पोचतं. आणि अंगातलं पाणी मोठ्यांपेक्षा फार लवकर संपतं."

नर्सनं तिला वजनाच्या पारड्यात ठेवलं. काटा थांबायच्या आत मी बोलून गेलो, "साडेआठ किलो." काटा तिथंच थांबला.

मी निमगाव केतकीचा मेंढरांचा व्यापारी. दोन कोकरांवर धंदा उभा केला. कोकरू हातात उचललं की वजन सांगतो. भावात मला आजवर कुणी फसवलेलं नाही.

मागं उभा असलेला मेव्हणा सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, कोकराला तरी मेंढ्याचं औषध पाजता का तुमी? वजन ठावं हुतं, मग इचारलं का न्हाय?"

त्याची गचांडी धरणार होतो. बायकोनं हात धरला.

दोन दिवस संगीच्या नाकात नळी होती, हाताला सलाईन. तोंडानं थेंबभर पाणीही नाही. सलाईनचे थेंब वजनावर ठरवून सोडलेले, नर्स ते घड्याळ लावून मोजायची. त्या वॉर्डाचा फिनेलचा वास अजून आठवतो, आणि खिडकीत वाळणारी लहान लहान दुपटी.

तिसऱ्या सकाळी संगीनं दुपटं भरवलं. नर्स हसली, "आतडं चाललं हो!" ते दुपटं मी स्वतः धुतलं. कधी नव्हे ते.

आता संगीचाच मुलगा दोन वर्षांचा आहे. परवा मेडिकलवाल्यानं त्याला अंदाजानं एक चमचा औषध सांगितलं. मी बाटली परत सरकवली. "आधी वजन इचार."

मेव्हण्याशी मी अजून नीट बोलत नाही. चारचौघांत लागलेलं विसरत नाही मी. पण बाजारात कुणी तरणा बाप लेकराला स्वतःच्या गोळीतला तुकडा देताना दिसला, की मेव्हण्याचंच ते कोकराचं वाक्य ऐकवतो. कुणाचं ते सांगत नाही.